यूप्लॉट (ब्राउझरमध्ये ग्राफ काढायची जावास्क्रिप्ट लायब्ररी): वर्षभराचा मिनिटामिनिटाचा डेटा जुन्या लॅपटॉपवर दाखवायचा असेल तर

नाशिकजवळच्या एका द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजचा टेम्परेचर डॅशबोर्ड मी सांभाळतो. दर मिनिटाला एक रीडिंग, म्हणजे एका चेंबरचे वर्षाला ५,२५,६०० पॉइंट, आणि चेंबर सहा. आठवड्याचाच डेटा होता तोवर ग्राफ काढणारी आधीची एसव्हीजीवाली (ब्राउझरमध्ये आकृत्या काढायची एक पद्धत) लायब्ररी छान चालली, पण सीझन संपत आला तसा महिन्याचा ग्राफ उघडला की टॅब अडकायचा, माउस पुढे गेला तरी टूलटिप मागेच, आणि वर्षाचा ग्राफ मागितला की पेज गारठूनच जायचं. तिथला लॅपटॉप ४ जीबी रॅमचा, तो काही बदलून मिळणार नव्हता.

एसव्हीजीत प्रत्येक ठिपका हा पेजवरचा वेगळा एलिमेंट असतो, त्याची स्टाईल, जागा, माउस त्याच्यावर आहे का, हे सगळं ब्राउझरने सांभाळायचं. हजारभर ठिपके असतील तर काही वाटत नाही, लाखात गेले की संपलं, कारण हालचाल स्मूथ दिसायची तर एका फ्रेमला जेमतेम १६ मिलिसेकंद हातात असतात.

यूप्लॉट कॅनव्हासवर, म्हणजे पेजवरच्या एकाच चित्रफलकावर काढते, त्यामुळे पॉइंट कितीही असले तरी चित्राचा एलिमेंट एकच. फाईल साधारण ५० केबीची, एमआयटी लायसन्स, आणि ग्राफाना या डॅशबोर्ड बनवायच्या सॉफ्टवेअरचं टाइम सिरीज (वेळेनुसार बदलणाऱ्या आकड्यांचं) पॅनल आतून हीच वापरतं.

पण मला खरी आवडली ती वेगळीच गोष्ट. आमचा ग्राफ १२०० पिक्सेल रुंद, म्हणजे वर्षाचा डेटा लावला की एका पिक्सेलच्या वाट्याला ४३८ रीडिंग येतात. अशा वेळी बरेच जण सर्व्हरवरच सरासरी काढून पॉइंट कमी करतात, मीही तेच करणार होतो, पण द्राक्ष शून्य अंशाच्या आसपास ठेवायचं असतं आणि कॉम्प्रेसर वीस मिनिटं बंद पडून टेम्परेचर चढलं तर ते सरासरीत साफ बुडून जातं, आणि बघायचं तर नेमकं तेच असतं ना! यूप्लॉट साध्या रेषेच्या ग्राफमध्ये पॉइंट असे दाटले की त्या पिक्सेलमधला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा आकडा धरून उभी रेघ मारते, त्यामुळे तो सुळका वर्षाच्या ग्राफमध्येही दिसतो, मग तिथे माउसने ओढून सिलेक्ट केलं की झूम होतं, डबल क्लिक केलं की परत पूर्ण वर्ष. सहाही चेंबरचे कर्सर एकमेकांना जोडता येतात, एकावर माउस नेला की बाकीच्या पाचांवर तीच वेळ दिसते, ऑपरेटर लोकांना हे फार आवडलं.

आता सांभाळायच्या गोष्टी. डेटा कॉलमनुसार द्यावा लागतो, एक अ‍ॅरे वेळेचा आणि मग प्रत्येक सिरीजचा वेगळा, वेळ चढत्या क्रमानेच हवी. वेळ सेकंदात धरलेली असते, जावास्क्रिप्टची मिलिसेकंदवाली वेळ तशीच दिली तर तारखा भलत्याच येतात, त्यासाठी एमएस नावाचं सेटिंग आहे ते १ करा. पाय चार्ट नाही, अ‍ॅनिमेशन नाही, एकावर एक रचलेले ग्राफ हवे तर गणित स्वतः करायचं, ग्राफ माउसने धरून बाजूला सरकवणंही आयतं मिळत नाही. डॉक्युमेंटेशन त्रोटक आहे, मी बरंचसं डेमोंचा सोर्स वाचून शिकलो, पण डेमो भरपूर आहेत आणि चांगले आहेत.

टाइम सिरीज सोडून बाकी प्रकारही हवे असतील तर ईचार्ट्स ही लायब्ररी बघा, त्यात पॉइंट कमी करायला एलटीटीबी सॅम्पलिंग (ग्राफचा आकार टिकेल असे मोजके पॉइंट निवडायची पद्धत) आहे. नकाशावर लाखो ठिपके असतील तर वेबजीएलवालं (ग्राफिक्स कार्ड वापरून चित्र काढणारं) डेक जीएल.

आमच्याकडे आता ग्राफ काढायला वेळ जातच नाही, जातो तो सर्व्हरवरून येणारा जेसन (मजकुराच्या रूपातला डेटा) उतरवण्यात आणि पार्स करण्यात, म्हणून पुढच्या सीझनआधी तो डेटा बायनरीत पाठवायचं काम हातात घेतलंय.