पीआरव्हीच्या जागी टर्बाइन बसवताना आमची झालेली फसवणूक

इचलकरंजीतील आमच्या प्रोसेस हाऊसमध्ये (कापड रंगाईच्या कारखान्यात) बॉयलरची १०.५ किलो (प्रति चौ. सेंमी) दाबाची वाफ पीआरव्हीतून, म्हणजे दाब कमी करणाऱ्या झडपेतून, ३.५ किलोवर उतरवून रंगाईच्या जेट मशीनला आणि ड्रायरला दिली जाते. पीआरव्हीत वाया जाणाऱ्या या दाबावर टर्बाइन फिरवून वीज मिळवावी, ही कल्पना मुळात योग्यच आहे, आणि म्हणूनच ऊर्जा सल्लागाराच्या अहवालावर आम्ही शंका घेतली नाही. २५० किलोवॅट वीज, वर्षाला ८,००० तास, दोन वर्षांत भांडवल वसूल, असे त्यात लिहिले होते.

यंत्र सुरू झाल्यावर मीटरचा आकडा ५० किलोवॅटच्या वर क्वचितच गेला. मग आम्ही हिशेब स्वतः मांडला. या दोन दाबांमध्ये संपृक्त (उकळबिंदूवरची, आणखी न तापवलेली) वाफेतून, कोणताही तोटा न धरता, किलोमागे सुमारे १७० किलोज्यूल काम निघते. ताशी ६ टन वाफेला ते साधारण २८५ किलोवॅट होते आणि एकाच टप्प्याच्या लहान टर्बाइनच्या हाती त्यातले जेमतेम निम्मे लागते. शिवाय ६ टन ही बॉयलरच्या पाटीवरची क्षमता आहे. रंगाईच्या बॅचप्रमाणे मागणी चढत-उतरत असल्याने आमची सरासरी ३ टनांचीच आहे, आणि कमी प्रवाहावर कार्यक्षमता आणखी घसरते.

वीज ‘फुकट’ मिळेल, हेही खोटे होते. वाफेतून जेवढी ऊर्जा विजेत जाते तेवढी उष्णता रंगाईला कमी पडते आणि ती भरून काढण्यासाठी जादा इंधन जाळावे लागते. तो खर्च अहवालात नव्हताच. बचतीचा दर काढताना संपूर्ण वीजबिलाला युनिटांनी भागले होते, वास्तविक टर्बाइन ऐन भाराच्या वेळी एकदा जरी थांबले तरी त्या महिन्याचा मागणी आकार (बिलातला, युनिटांवर नव्हे तर महिन्यातल्या सर्वोच्च भारावर लागणारा भाग) कमी होत नाही.

पुरवठादाराने हमी फक्त पूर्ण प्रवाहासाठी दिलेली असल्यामुळे भरपाई नाकारली. सल्लागाराला त्याच पुरवठादाराकडून कमिशन मिळाल्याचे आम्हाला नंतर कळले.

असा प्रस्ताव आपल्याकडे आला असेल, तर आधी फ्लोमीटरच्या वर्षभराच्या तासागणिक नोंदी काढा, वर्षातील बहुतेक तास टिकणाऱ्या प्रवाहावर टर्बाइनचा आकार ठरवा आणि निम्म्या प्रवाहावरची हमीही करारात लिहून घ्या. आमच्या बॉयलरच्या लॉगबुकच्या झेरॉक्स सल्लागाराने पहिल्याच भेटीत नेल्या होत्या आणि सरासरी ३ टनांची नोंद त्यांच्या प्रत्येक पानावर होती.