हिरवा दिवा लागला तरी वॉफल कच्चंच : संत्रं-लिंबाच्या वॉफलांचा दहा महिन्यांचा अनुभव

जुलैमधल्या एका रविवारी सकाळी आमचं वॉफल मेकर बंद पडलं. बाहेर बेळगावच्या टिळकवाडीत आठवडाभर न उघडलेला पाऊस, ओट्यावर आठ वॉफलांचं पीठ कालवून तयार, त्यात चार लिंबांची साल किसून घातलेली, आणि यंत्रावर ना लाल दिवा लागे ना हिरवा. मिक्सरच्या सॉकेटला लावून पाहिलं, फ्रिजच्या सॉकेटला लावून पाहिलं. थंडगार. सासूबाईंनी काही न बोलता वरच्या फळीवरचं बिडाचं आप्पेपात्र काढलं, तूप सोडलं आणि त्याच पिठाचे आप्पे घातले. लिंबाच्या वासाचे ते गोड आप्पे फार सुंदर झाले होते. पण माझं मन त्या यंत्रातच अडकलेलं. रोख १८५० रुपये मोजले होते आणि वॉरंटी संपायला अजून चार महिने होते.

७५० वॅट, दोन चौकोनी साचे, नॉनस्टिक, झाकणावर दोन दिवे. हे सगळं खोक्यावर छापलेलं असतं, त्यात वेळ घालवत नाही. ब्रँडचं नावही लिहीत नाही. मला जे सांगायचंय ते या जातीचं यंत्र वापरणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल.

घेतलं गेल्या नोव्हेंबरात. लेक आठवीत आहे, मैत्रिणींबरोबर बाहेर वॉफल खाऊन यायची आणि एका वॉफलचे १६० रुपये द्यायची. मी पतसंस्थेत हिशेब बघते, असे आकडे माझ्या डोक्यातून जात नाहीत. त्याच दिवसांत गणपत गल्लीत नागपुरी संत्र्यांचे ढीग लागले होते. म्हटलं, घरीच करू, संत्र्याची करू, रविवारचा नाश्ता होईल.

पहिले चार रविवार वाया गेले, आणि त्याला कारण तो हिरवा दिवा.

यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत एक ओळ आहे : लाल दिवा म्हणजे वीज चालू, हिरवा दिवा लागला की वॉफल तयार. मी शब्दावर विश्वास ठेवणारी बाई. पीठ ओतलं, झाकण लावलं, अडीच-तीन मिनिटांत हिरवा दिवा लागला, झाकण उघडलं. वॉफलाचे दोन तुकडे, अर्धं वरच्या साच्याला, अर्धं खालच्या, आणि मध्ये ओला चिखल. तो चिखल लाकडी उलथन्याने खरवडायला वीस मिनिटं गेली. धातूचं उलथनं लावलं तर नॉनस्टिक जातं, म्हणून घाईही करता येईना. पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी साखर वाढवली, तर बाहेरून काळं आणि आत ओलं. मला वाटलं, पीस खराब आलाय. तक्रार केली, तर उत्तर आलं की पुस्तिकेप्रमाणे वापरा.

मग मी वही काढली. ओतल्याची वेळ, दिवा लागल्याची वेळ, वाफ थांबल्याची वेळ, आणि उघडल्यावर काय दिसलं, असे चार रकाने. सात-आठ रविवारांत चित्र स्पष्ट झालं. दिवा कधी अडीच मिनिटांनी, कधी साडेतीनने लागतो, मधेच विझतो, परत लागतो. ताक घातलेलं वॉफल मात्र सहा मिनिटांच्या आत कधीच झालं नाही, आणि ज्यात संत्र्याचा रस ओतला होता त्याला आठ मिनिटं लागली. दिव्याचा आणि वॉफलाचा काही संबंधच नव्हता. संबंध होता वाफेचा. पीठ ओतलं की बाजूच्या फटीतून वाफ भसाभसा येते. ती जोरात येतेय तोवर आतलं पाणी उकळतंय, म्हणजे वॉफल कच्चं आहे. वाफ मंदावून एखादा बारीक धागा उरला की उघडायचं. झाकण जरा उचलून बघा, अडलं तर पुन्हा मिटवा आणि अर्धा मिनिट थांबा. वॉफल झालं की आपण होऊन सुटतं.

अमेरिकेत कॉर्नेलियस स्वार्टवाउट यांना वॉफलाच्या साच्याचं पेटंट मिळालं ते २४ ऑगस्ट १८६९ ला. चुलीवर ठेवून उलटवायचा तो साचा, त्याला कसला दिवा असणार. आमच्या आप्पेपात्रालाही नाही. बेळगावचे मांडे खापरावर भाजणाऱ्या बायका रंग बघून मांडा उचलतात. मग १८५० रुपयांच्या यंत्राच्या पुस्तिकेत “वाफ बघा” एवढे दोन शब्द छापायला काय हरकत होती? चार रविवारांचा मैदा, लोणी, अंडी आणि संत्री धरून माझे तीनशेच्या वर रुपये त्या एका ओळीपायी कचऱ्यात गेले.

रसाचंही याच वहीत कळलं. संत्र्याचं वॉफल म्हणजे संत्र्याचा रस ओतायचा, अशी माझी समजूत होती. रसात पाणी आणि साखर दोन्ही. पाण्याने वाफ लांबते, साखरेने बाहेरची बाजू लवकर करपते आणि साच्याला धरते. एवढं करून वास येतो कितीसा? जवळजवळ नाहीच. संत्र्याचा, लिंबाचा वास असतो सालीत, वरच्या रंगीत थरातल्या तेलाच्या बारीक पिशव्यांत. त्याखालचा पांढरा थर कडू. म्हणून फळ आधी कोमट पाण्याने चोळून धुवायचं, पुसायचं, सोलायच्या आधीच बारीक किसणीवर हलक्या हाताने फिरवायचं आणि पांढरं दिसायला लागलं की फळ फिरवायचं. नागपुरी संत्र्याची साल सुटी आणि मऊ असते, किसणीखाली दबते. फळ रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं तर घट्ट होऊन नीट किसलं जातं. चकचकीत किनो संत्र्यांवर मेण चढवलेलं असतं, ती मी या कामाला घेत नाही. लिंबाची साल पातळ, दोनदा किसणी फिरली की पांढरं लागतं, तिथे जास्त जपावं लागतं. मोसंबीच्या सालीला मला वास कमी वाटला. ईडलिंबू मिळालं तर सोडू नका, जाड सालीचं आणि वासाला सगळ्यांच्या वर.

किसलेली साल थेट पिठात टाकायची नाही. साखरेत घालून बोटांनी चोळायची. साखर ओलसर होते, पिवळट होते आणि सगळं स्वयंपाकघर दरवळतं. मग तीच साखर पिठात.

चार वॉफलांना माझं आताचं माप असं. मैदा पाऊण वाटी, तांदळाचं पीठ पाव वाटी, बेकिंग पावडर एक चमचा, खायचा सोडा पाव चमचा, साखर दोन मोठे चमचे, एका संत्र्याची साल, एक अंडं, ताक पाऊण वाटी, पातळ केलेलं लोणी तीन मोठे चमचे, चिमूटभर मीठ. तांदळाच्या पिठाने कुरकुरीतपणा येतो, हे सासूबाईंनी सुचवलं, घावनांच्या अनुभवावरून. लिंबाचा रस घालायचाच असेल तर दोन लहान चमचे, तोही अगदी शेवटी. आंबटाची आणि सोड्याची गाठ पडली की लगेच बुडबुडे येतात. पीठ तसंच ठेवून तुम्ही आंघोळीला गेलात तर परत येईतो सगळा फुगा उतरलेला असतो. सोमवारी-गुरुवारी सासूबाई अंडं खात नाहीत, तेव्हा अंड्याऐवजी ताक थोडं वाढवते. वॉफल जरा नाजूक होतं, पण सुटतं.

आता सर्व्हिसचं. जुलैत बंद पडल्यावर मदतकेंद्राला फोन केला. हुबळीचं केंद्र बंद झालंय, बेंगळुरूला पाठवा, पाठवायचा खर्च तुमचा. कुरियरवाल्याने ३८० रुपये सांगितले. मी म्हटलं, कोल्हापुरात तुमचं केंद्र चालू आहे, माझी बहीण तिथे राहते, ती नेऊन देईल. तर म्हणे, बिलावरचा पिन कोड ५९० ने सुरू होतो, म्हणजे कर्नाटक, कोल्हापूरचं केंद्र फक्त महाराष्ट्राचं घेतं. वेंगुर्ला रस्त्याने निघालं तर आमच्या घरापासून अर्ध्या तासात शिनोळी लागते, तिथे महाराष्ट्र. तिथे राहत असते तर यंत्र फुकट दुरुस्त झालं असतं. सीमाभागात माणसाने किती ठिकाणी हे ऐकायचं? रेशन कार्डाचं समजू शकते, शाळेच्या माध्यमाचं समजू शकते, पण वॉफलाच्या साच्याला कसला आलाय प्रांत? पाच वेळा फोन केले. प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचं.

इथपर्यंतचं मी ऑगस्टमध्येच लिहून ठेवलं होतं आणि पाचपैकी एक तारा देऊन मोकळी होणार होते. पण त्यानंतर एक गोष्ट घडली आणि दिव्याबद्दलचं माझं मत बदललं.

शहापुरात एक मिक्सर-इस्त्री दुरुस्त करणारे मामा आहेत. त्यांच्याकडे नेलं. ते म्हणाले, “अक्का, उघडलं की वॉरंटी गेली बघा. आधी ठरवा की.” ३८० रुपये जाण्याचे, महिनाभर वाट, आणि परत येईल का याची खात्री नाही. मी म्हटलं, उघडा.

त्यांनी खालचे स्क्रू काढले. साच्याच्या पाठीला चिकटून, पांढऱ्या जाळीदार नळीत, एक लहानसा थर्मल फ्यूज होता. तोच गेला होता. साचा ठरलेल्या मर्यादेपलीकडे तापला की तो कायमचा तुटतो, म्हणजे घराला आग लागू नये म्हणून स्वतः मरतो. मग साचा इतका तापला कशाने? मामांनी थर्मोस्टॅट दाखवला. त्यात दोन धातूंची जोडपट्टी, तापली की वाकते आणि करंट तोडते, निवली की परत जोडते. तिचे टोकाचे बिंदू काळे पडले होते, मधेच चिकटून राहत असणार. आणि हिरवा दिवा त्याच पट्टीला जोडलेला. पट्टी सुटली की लागतो, जोडली की विझतो.

मी विचारलं, “म्हणजे दिवा वॉफल बघतच नाही?”

“तो लोखंड बघतंय अक्का, पीठ कुठलं बघतंय?”

मला तिथे उभ्या उभ्या हलकं वाटलं. आठ महिने मी ज्या दिव्याला खोटारडा म्हणत होते तो खरंच बोलत होता, साचा तापलाय एवढंच. खोटं लिहिलं होतं पुस्तिकेत. तेव्हापासून मी हिरवा दिवा फक्त एकाच गोष्टीसाठी बघते : पहिलं पीठ ओतायच्या आधी. तो लागल्याशिवाय ओतायचं नाही, आणि दुसरा घाणा घालायच्या आधीही तो परत लागू द्यायचा. एवढं पाळल्यापासून एकही वॉफल चिकटलेलं नाही. म्हणजे दिवा कामाचा आहे, आणि चांगलाच कामाचा आहे. एवढी साधी गोष्ट पुस्तिकेने उलटी सांगावी याचा राग मात्र अजून गेलेला नाही.

मामांनी फ्यूज आणि थर्मोस्टॅट दोन्ही बदलले. सामानाचे १०५, मजुरी १५०. त्यांनी एक गोष्ट बजावली ती सांगते : फ्यूज काढून तार सरळ जोडून देतो म्हणणारे भेटतील, स्वस्तात चालू होईल, पण तसं करून घेऊ नका. थर्मोस्टॅट पुन्हा चिकटला तर मग यंत्राला थांबवणारं काहीच उरत नाही. फ्यूज त्याच आकड्याचा हवा, आणि त्याला सोल्डरचा डाग द्यायचा नसतो, डागाच्या उष्णतेनेच तो जातो. मामांनी बारीक नळी दाबून तार जोडली.

खर्चाचं थोडक्यात. माझ्या हिशेबाने एक वॉफल पंधरा रुपयांना पडतं, संत्री महाग असली तर अठरा. वीज चार वॉफलांना पाव युनिटाच्या आसपास. ठरावीक युनिटांपर्यंत वीज फुकट देणाऱ्या गृहज्योती योजनेमुळे आमच्याकडे युनिटांवर सगळ्यांचा डोळा असतो. सासूबाईंना सुरुवातीला वाटायचं, या यंत्राने मर्यादा ओलांडेल आणि बिल भरावं लागेल. महिन्याचं एक युनिट होतं, हे मीटरवर दाखवल्यापासून त्याही निश्चिंत आहेत. आता त्याच म्हणतात, “रविवारी जाळीची पोळी कर की.” आणि लेक आधीच सांगून ठेवते, “मी तीन खातो.”

नॉनस्टिक दहा महिन्यांनीही नीट आहे. फवाऱ्याचं तेल कधी वापरलं नाही, त्याचा चिकट थर बसतो. ब्रशने तूप लावते, आणि गरम असतानाच कोरड्या फडक्याने पुसते. पावसाळ्यात एक त्रास झाला : वॉफल ताटात ठेवलं की खालून वाफ धरून दहा मिनिटांत मऊ पडायचं. आता पापड भाजायच्या जाळीवर ठेवते, तिथे हवा खेळते. तरीही आमच्या पावसात कुरकुरीतपणा फार टिकत नाही. साच्यावरून उतरलं की खावं.

यंत्राला साडेतीन तारे. सर्व्हिसला एकही नाही. तक्रार त्यांच्याकडे अजून “प्रक्रियेत” दिसते आहे. मामांकडून पंधरा रुपयांचा आणखी एक फ्यूज मागून घेतला, तो पुडीत बांधून किसणीच्या खणात ठेवलाय.