लसूण की स्पिरुलिना? आठ महिने दोन्ही घेतल्यानंतर

जूनमध्ये माझं हिमोग्लोबिन १०.१ आलं आणि बी-१२ फक्त १६२. आमचं घर शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, त्यामुळे आकडे बघून फार धक्का बसला नाही. पण दुसऱ्याच दिवशी नणंद स्पिरुलिनाच्या, म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या, पावडरीचा डबा घेऊन हजर झाली. "वहिनी, शंभर ग्रॅममध्ये सत्तावन्न ग्रॅम प्रोटीन! डाळीच्या दुपटीहून जास्त. आणि लसणात बघ, जेमतेम सहा." लसणाचं नाव निघालं ते सासूबाईंमुळे. त्यांचा सकाळी लसणाच्या पाकळ्या चावून खाण्यावर गाढ विश्वास, आणि मीही तेच करावं असा आग्रह. मी दोघींचंही ऐकलं. जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत रोज एक चमचा स्पिरुलिना आणि जेवणात लसणाच्या चार पाकळ्या, असं आठ महिने नेमाने केलं.

नणंदेचा आकडा खोटा नाही. वाळलेल्या स्पिरुलिनात १०० ग्रॅमला साधारण ५७ ग्रॅम प्रथिनं आणि २८ मिलिग्रॅम लोह असतं. कच्च्या लसणात प्रथिनं ६.४ ग्रॅम आणि लोह १.७ मिलिग्रॅम. पण स्पिरुलिना पूर्ण सुकवलेली असते आणि ओल्या लसणात निम्म्याहून जास्त पाणी असतं. लसणाची पावडर केली तर तीच प्रथिनं साडेसोळा ग्रॅमच्या आसपास जातात. म्हणजे तरीही स्पिरुलिनाच पुढे, पण नऊपट नाही, साडेतीनपट.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपण खातो किती. माझ्या डब्यातला चमचा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला तर सपाट भरून ३ ग्रॅम भरला. त्यात प्रथिनं १.७ ग्रॅम, लोह पाऊण ते एक मिलिग्रॅमच्या मधे. बाईला दिवसाला लोह २९ मिलिग्रॅम आणि प्रथिनं ४६ ग्रॅमच्या आसपास लागतात असं आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं कोष्टक सांगतं. मूठभर भाजलेले शेंगदाणे, म्हणजे ३० ग्रॅम, खाल्ले की साडेसात ग्रॅम प्रथिनं पोटात जातात, स्पिरुलिनाच्या चार चमच्यांपेक्षा जास्त. हा हिशेब मी डबा अर्धा संपल्यावर मांडला. आधी मांडला असता तर निदान अपेक्षा तरी बेताच्या ठेवल्या असत्या.

लसणाच्या चार पाकळ्या म्हणजे साधारण १२ ग्रॅम. त्यात प्रथिनं पाऊण ग्रॅम, क जीवनसत्त्व पावणेचार मिलिग्रॅम, थोडं बी-६, थोडं मँगनीज. पोषणाच्या नुसत्या आकड्यांवर लसूणही कुठे बसत नाही.

आता चवीचं सांगते, कारण आठ महिने टिकायचं तर चवच आड येते. पहिल्या दिवशी पावडर ताकात ढवळली. रंग गडद हिरवा, जवळजवळ काळा, आणि वास विहिरीच्या पायरीवरच्या शेवाळाचा. नाक दाबून प्यायले. पुढे लिंबू-आलं घातलेल्या रसात बरं जमलं. पावसाळ्यात डब्याचं झाकण नीट लागलं नव्हतं, तर पावडरीचे गठ्ठे झाले आणि वास माशासारखा यायला लागला. तो डबा टाकला. दुसरा मागवला तेव्हा विक्रेत्याकडे बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल मागितला, तर त्याने तीन वेळा टाळाटाळ केली. हा अहवाल मागायलाच हवा, कारण स्पिरुलिना ज्या पाण्यात वाढते त्यातले जड धातू ती शोषून घेते, आणि तळं स्वच्छ नसेल तर दुसऱ्या विषारी शैवालाची भेसळही होऊ शकते. शेवटी अहवाल देणाऱ्या दुसऱ्या विक्रेत्याकडून घेतली.

एका रात्री थंड पाण्यात भिजवलेली पावडर ग्लासात तशीच राहिली. सकाळी बघते तर हिरवा गाळ तळाशी आणि वर निळंशार पाणी, शाईसारखं. ते फायकोसायनिन, स्पिरुलिनाचं निळं रंगद्रव्य. गरम पाण्यात घातलं की हा निळा उडून जातो. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात लिंबाच्या रसात घातलेलं लसणाचं लोणचंही हिरवट-निळं झालं. सासूबाई म्हणाल्या, "बिघडलं, टाकून दे." बिघडलं नव्हतं. लसणातल्या गंधकाच्या संयुगांचं आंबटात असं होतं, खायला काही हरकत नसते. आम्ही ते भाकरीबरोबर संपवलं.

बी-१२ बद्दल मात्र मला मनापासून वाईट वाटलं. डब्यावर ठळक अक्षरात बी-१२ लिहिलेलं होतं, आणि शाकाहारी माणसाला दुसरं काय हवं असतं? सहा महिन्यांनी, जानेवारीत, तपासलं तर १६२ चं १४८ झालेलं. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की स्पिरुलिनात असतं ते बहुतांश बी-१२ सारखं दिसणारं संयुग, आपल्या शरीराला ते वापरता येत नाही. त्यांनी गोळ्या सुरू केल्या. तीन महिन्यांनी आकडा ४१० वर आला आणि तळपायांना येणाऱ्या मुंग्या थांबल्या. सहा महिने मी त्या डब्याच्या भरवशावर मुंग्या सहन केल्या. तुमच्या घरी कोणी शाकाहारी माणूस बी-१२ साठी म्हणून स्पिरुलिना घेत असेल तर कृपा करून आधी रक्त तपासून घ्या.

हिमोग्लोबिन फेब्रुवारीत ११.२ झालं. श्रेय स्पिरुलिनाला देता येईल का? मला नाही वाटत. त्याच महिन्यांत मी जेवणाला लागून चहा घेणं बंद केलं, भाजी लोखंडी कढईत करायला लागले आणि पालेभाज्यांचं प्रमाण दुप्पट केलं. आणि इथेच लसूण येतो.

आमच्याकडे पालेभाजी म्हणजे पूर्वी ताटाच्या कडेला चमचाभर. नोव्हेंबरात मी माहेरी खेड तालुक्यात गेले होते. जवळच राजगुरुनगरला कांदा-लसणाची केंद्रीय संशोधन संस्था आहे, आणि तिथला 'भीमा पर्पल' वाण वहिनीने परसात लावला होता. जांभळट सालीचे गड्डे. वहिनी आठ-दहा पाकळ्या खलबत्त्यात ठेचायची, तशाच दहा मिनिटं ठेवायची, मग तेलात मिरचीबरोबर लालसर करून त्यावर राजगिऱ्याचा पाला टाकायची. दहा मिनिटांचं कारण तिला ठाऊक नव्हतं, आईने शिकवलं म्हणून करते म्हणाली. कारण असं की लसणाला उग्र वास आणि गुण देणारं अॅलिसिन अख्ख्या पाकळीत नसतंच. पाकळी ठेचली की आतले दोन घटक एकमेकांत मिसळतात आणि ते तयार होतं. ठेचल्या ठेचल्या गरम तेलात टाकलं तर ते बनवणारं एन्झाइम आधीच मरतं. थोडा वेळ ठेवलं तर काही गुण उरतो. त्या भाजीचा मी वाडगाभर फन्ना उडवला. घरी येऊन तशीच करायला लागले आणि माझी मुलगी, जी पालेभाजीला हात लावत नव्हती, ती आता दुसऱ्यांदा वाढून घेते.

माझ्या मते लसणाचं पोषण असं मोजायला हवं. तो स्वतः फार काही देत नाही, पण त्याच्यामुळे वाटीभर राजगिरा पोटात जातो, घट्ट वरण जातं, शेंगदाण्याची चटणी लावून बाजरीची भाकरी जाते. स्पिरुलिनाने माझ्याकडून दुसरं काहीच खाऊन घेतलं नाही. आफ्रिकेत चाड सरोवराच्या परिसरात कानेंबू बायका पाण्यातून ही स्पिरुलिना गाळून वाळूवर सुकवतात, तिच्या वड्या पाडतात आणि कालवणात घालून बाजरीबरोबर वाढतात. तिला 'दिहे' म्हणतात. तिथे ती जेवणातला पदार्थ आहे. आपण तिचं औषध केलं आणि चमच्याने मोजायला लागलो.

सासूबाईंच्या कच्च्या लसणाबद्दलही लिहायला हवं. त्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे, रक्त पातळ ठेवायची गोळी रोज चालू असते, आणि वर सकाळी अनशापोटी पाच पाकळ्या. दाढ काढायला गेलो तेव्हा दंतवैद्यांनी काय काय घेता ते खोदून विचारलं, आणि लसणाचं ऐकताच थांबवायला सांगितलं. कच्चा लसूण भरपूर घेतला तर रक्त गोठायला वेळ लागतो, गोळीबरोबर तो परिणाम वाढू शकतो. सासूबाईंना ते पटायला जड गेलं. मीही आधी कधी विचारलं नव्हतं, याचं मला वाईट वाटतं. लसणाने रक्तदाब थोडा उतरतो असं चाचण्यांत दिसलं आहे, पण तो गोळीच्या जागी घ्यायचा नसतो. आता त्या शिजवलेला खातात, त्यांचं पित्तही कमी झालं.

अजून दोन गोष्टी. सोललेला कच्चा लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवू नका, त्यात बोट्युलिझमचं विष तयार होऊ शकतं, फ्रीजमध्ये ठेवा आणि थोड्या दिवसांत संपवा. आणि युरिक अॅसिड वाढलेलं असेल, किंवा ल्युपससारखा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीचा आजार असेल, तर स्पिरुलिना डॉक्टरांना विचारूनच.

पैशाचं म्हणाल तर स्पिरुलिना मला महिन्याला साडेतीनशेला पडत होती. लसूण चारशे रुपये किलोवर गेला होता तेव्हाही आमच्या चौघांच्या घराला महिन्याला एक किलो पुरला.

मार्चपासून मी नवा डबा मागवलेला नाही. आहे त्यातली पावडर थालीपिठाच्या भाजणीत चमचाभर घालते, भरपूर ठेचलेला लसूण आणि तीळ घातले की शेवाळाचा वास अजिबात येत नाही. थालीपीठ काळपट हिरवं होतं. काल नणंद आली होती, तिने दोन खाल्ली आणि जाताना विचारलं, "वहिनी, ह्यात पालक किती घातलास?"