गाईडशिवाय ग्रीन नदीवर कयाक: लॅबिरिंथ की स्टिलवॉटर?

अमेरिकेच्या यूटा राज्यातली ग्रीन नदी गाईडशिवाय उतरायची ठरली की बहुतेकांची गाडी इथेच अडते: वरचं लॅबिरिंथ कॅन्यन की त्याखालचं स्टिलवॉटर? दोन्ही नावं अमेरिकन शोधक जॉन वेस्ली पॉवेलच्या 1869 च्या मोहिमेतली. दोन्हीकडे पाणी संथ आणि दोन्ही काठांना तांबड्या खडकाच्या उभ्या भिंती. फोटो बघून निवडायला बसलात तर बसूनच राहाल. आधी बघा, नदीतून बाहेर कसं पडणार ते.

लॅबिरिंथ मिनरल बॉटमला संपतं आणि तिथे रस्ता आहे. कच्चा, कड्यावरून वळणं घेत उतरणारा. 2010 च्या पुरात तर वाहूनच गेला होता. पण आहे. ग्रीन रिव्हर गावातून निघालात तर अंतर साधारण 109 किमी, रूबी रँचच्या खाजगी जागेतून पैसे भरून उतरलात तर 72. रँचवरून चार दिवस पुरतात.

स्टिलवॉटर मिनरल बॉटमपासून कोलोरॅडो नदीच्या संगमापर्यंत, 84 किमी. शेवटी रस्ता नाही. संगमाखाली सहाएक किमीवर स्पॅनिश बॉटम, आणि त्याला लागूनच कॅटरॅक्ट कॅन्यनचे रॅपिड्स, म्हणजे खडकांवरून उसळणारं वेगवान पाणी, सुरू. संथ पाण्याच्या तयारीने आलेल्याने तिकडे बघायचंही नाही. म्हणून जेट बोट आधी बुक करायची. ती कोलोरॅडोतून उलट्या प्रवाहाने मोआब गावाच्या दिशेने परत आणते. दुपारी समोरून वारा सुटला आणि वल्ही मारूनही कयाक हलेना, तर ती बोट चुकण्याची धास्ती रोजची. एक दिवस हातचा ठेवूनच निघा.

परवाना दोन्हीकडे लागतो. स्टिलवॉटर कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानात असल्याने तिथे मुक्कामाच्या परवान्याला शुल्क पडतं. आगीसाठी फायर पॅन (शेकोटीचं धातूचं तसराळं) आणि स्वतःचा मैला परत नेण्याचा डबा दोन्हीकडे सक्तीचा. हा डबा समुद्री कयाकच्या अरुंद झाकणातून आत जात नाही, हे लोकांना काठावर उभं राहिल्यावर कळतं. इथे इतके जण कयाकऐवजी वरून उघडी असलेली कनू होडी का घेतात, त्याचं उत्तर त्या डब्यात आहे.

पाण्याचंही तसंच. माणशी दिवसाला 4 लिटर धरा: चार दिवसांचे 16 किलो, सहा दिवसांचे 24. नदीचं पाणी इतकं गढूळ की थेट फिल्टरला लावलं तर तो लगेच चोंदतो. रात्री बादलीत भरून ठेवलं, तर सकाळी तळाशी गाळ बसलेला दिसतो. वरचं पाणी अलगद काढून मग फिल्टर करायचं.

मे-जूनमध्ये बर्फ वितळून नदी भरते: वेग मिळतो, पण वाळूचे दांडे बुडतात, तंबूला जागा मिळत नाही, डास फोडून काढतात. सप्टेंबरअखेरीला दांडे वर आलेले असतात. पावसाळी ढगांच्या दिवसांत मात्र घळीच्या तोंडाशी तंबू नको.

बघण्यासारखं विचाराल तर लॅबिरिंथचा बोनॉट बेंड. नदी अकराएक किमीचा वळसा घालून जवळजवळ तिथेच येते. मधली खिंड चढलात की दोन्ही बाजूंना तीच नदी. स्टिलवॉटरमध्ये कपारीत प्राचीन प्वेब्लो या मूलनिवासी लोकांची धान्यकोठारं आहेत, लांबूनच बघायची.

पहिल्यांदा जात असाल तर मी डोळे झाकून लॅबिरिंथ सांगेन, तेही रूबी रँचवरून. आठवडा हाताशी असेल आणि वाऱ्याशी झुंजायची सवय असेल तर स्टिलवॉटर. पण जेट बोटीची तारीख पक्की झाल्याशिवाय बाकी कशाचे पैसे भरू नका.