गडचिरोलीतल्या ग्रामसभेकडून थेट बांबू घेतला, दोन सीझनचा अनुभव

आमचं नागपूरजवळ बांबूचं छोटं वर्कशॉप आहे, खुर्च्या, पार्टिशन, फार्महाऊसचे ताटवे असली कामं करतो. आधी माल एका व्यापाऱ्याकडून यायचा, वर छान पिकलेले बांबू आणि बंडलाच्या आत कोवळा माल, सहा महिन्यांत कीड लागून खुर्चीच्या पायातून पिवळा भुसा गळायला लागायचा आणि गिऱ्हाईकाचा फोन आला की मान खाली घालून ऐकून घ्यायचं. गेले दोन सीझन धानोरा तालुक्यातल्या एका गोंड गावाच्या ग्रामसभेकडून थेट घेतोय. गावाचं नाव टाकत नाही, कारण त्यांना विचारलेलं नाही.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, ही ग्रामपंचायत नव्हे. ग्रामसभा म्हणजे गावातली सगळी मोठी माणसं, बाया धरून, आणि 2006 च्या वनहक्क कायद्यानं त्यांच्या जंगलातला बांबू विकायचा हक्क त्यांचाच आहे. हे सगळं सुरू झालं त्याच तालुक्यातल्या मेंढा-लेखा ह्या गावापासून. त्यांना 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, पण बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो आणि तो तेव्हा वनखात्याच्या हातात, आणि 1927 च्या वन कायद्यात बांबू हा झाडात मोडायचा, त्यामुळे झाड की वनोपज (म्हणजे ग्रामसभेला विकता येईल असा जंगलातला माल) ह्यावरच घोडं अडलेलं. शेवटी 27 एप्रिल 2011 ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. आज माझ्या ट्रकमध्ये जो कागद असतो त्यावर ग्रामसभेचा शिक्का असतो, तो त्या दिवसामुळे. मला तो कागद हातात घेताना खरंच भारी वाटतं.

आता माल. मानवेल घेतो मी, भरीव असतो, फर्निचरला त्याच्यासारखा दुसरा नाही (कटांग मोठा आणि पोकळ, तो मांडवाला आणि शिडीला बरा). पहिल्या वेळी तोडणी बघायला मुद्दाम गेलो. एका दादांनी रांझीत (बांबूच्या बेटात) हात घालून दाखवलं, हा करला, म्हणजे कोवळा बांबू, ह्याच्या पेराला अजून टरफल चिकटलंय, ह्याला हात लावायचा नाही, हा पुढच्या वर्षी, आणि हा बघा अंगावर पांढरे डाग आलेत, कोयत्याची उलटी बाजू मारली की टणटण वाजतो, हा तोडायचा. मग जमिनीपासून दुसऱ्या पेराच्या थोडं वर एकाच घावात तिरका काप, अगदी स्वच्छ, खाली खुंट उंच ठेवायचा नाही आणि चिरायचाही नाही. मी विचारलं एवढं जपून का, तर म्हणाले, "पावसाळ्यात इथूनच वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, निघतात, ते आम्हीच खातो आणि पुढचा बांबूही तोच." ज्याचं जंगल तोच तोडतोय, हा फरक मालात दिसतो हो! दोन वर्षांत माझ्याकडे एकाही खुर्चीला कीड लागली नाही, अर्थात बोरिक-बोरॅक्सच्या पाण्यात आम्ही बुडवतोच, पण ते आधीही बुडवत होतो.

व्यवहार कसा होतो ते सांगतो. भाव सभेत ठरतो आणि दरवर्षी बदलतो म्हणून इथे आकडा देत नाही. एका माणसाला बाजूला घेऊन कमी करा म्हणायची सोय नाही, मी पहिल्या दिवशी तेच करायला गेलो होतो तर शांतपणे म्हणाले, सभेत या आणि सगळ्यांसमोर बोला. गेलो, दोन तास जमिनीवर बसलो, म्हाताऱ्या आजीसुद्धा बोलत होत्या, सगळ्यांची मान हलेपर्यंत निर्णय झाला नाही. निम्मे पैसे आधी ग्रामसभेच्या खात्यात आणि उरलेले ट्रक भरायच्या आधी, उधारी नाही. काही लोकांना हे कडक वाटतं, पण तेंदूपत्त्यात (बिडीच्या पानांत) ठेकेदारांनी पैसे थकवल्याचा अनुभव तिकडच्या कितीतरी गावांनी घेतलाय, त्यांनी का विश्वास ठेवायचा?

अडचणीही आहेत. पावसाळ्यात तोडणी बंद म्हणजे बंद, त्यामुळे चार-पाच महिन्यांचा माल आधीच भरून ठेवा, गोडाऊन लागतं. मागच्या फेब्रुवारीत गावात मयत झाली आणि काम थांबलं, माझा ट्रक तीन दिवस उभा, ड्रायव्हरचा भत्ता माझ्या अंगावर. फोनला रेंज नाही, निरोप द्यायचा तर सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी. आणि एकदा दोन बंडलांत करला निघाला. फोटो पाठवले, तर पुढच्या ट्रकच्या वेळी हिशेब लिहिणाऱ्या ताईंनी रजिस्टर उघडून माझ्यासमोर ओळ लिहिली, "करला, बंडल दोन, परत", आणि दोन बंडल जास्त चढवले. कुणाशी भांडावं लागलं नाही.

सगळी गावं सारखं करतात असं नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं 2012 मध्ये हक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं, त्यात फांद्या छाटतात, आगी लागतात म्हणून, आणि बांबूवर भागवलं. तेव्हा कुठेही जा, आधी त्या गावाचे नियम विचारा.

पाच ट्रकांपेक्षा कमी वर्षाला घेत असाल तर दोन-तीन वर्कशॉपवाले मिळून जा, भाडं परवडतं. ऑक्टोबरच्या सभेत आम्ही पुन्हा जाणार आहोत, ह्या वेळी एका पिकलेल्या बांबूची तयार खुर्ची घेऊन, कारण त्या आजींनी विचारलं होतं, आमच्या बांबूचं तुम्ही करता तरी काय.