बायपास ऑइल फिल्टर आणि सिंथेटिक ऑइल : १४ महिने, ९०,००० किलोमीटरनंतर

माझी दहाचाकी गाडी २०१८ ची, बीएस-४. बेळगावच्या उद्यमबागेतून कास्टिंग भरून पुण्याला आणि तिकडून मिळेल तो माल घेऊन परत. संकेश्वर सोडलं की तवंदी घाट, म्हणजे भरल्या गाडीचं इंजिन प्रत्येक फेरीत तापतंच. गेल्या वर्षी इंजिनला बायपास फिल्टर, म्हणजे कंपनीच्या फिल्टरशिवाय वेगळा जादा ऑइल फिल्टर, बसवला आणि सोबत सिंथेटिक ऑइलही टाकलं. दोन्ही एकदम केलं ही चूक झाली, कारण फायदा कशाचा हे कळेना. म्हणून पहिले ६०,००० सिंथेटिकवर चालवले, नंतरचे ३०,००० नेहमीच्या साध्या ऑइलवर (१५डब्ल्यू-४० ग्रेड). फिल्टर तोच ठेवला. दर १०,००० ला ऑइलचा नमुना पुण्याच्या लॅबला पाठवला.

कंपनीच्या फिल्टरमधून सगळं ऑइल जातं, म्हणून त्याची जाळी फार बारीक ठेवता येत नाही. वीस-तीस मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कण बरेचसे तसेच पुढे जातात. बेअरिंगमधला ऑइलचा थर असतो मोजक्या मायक्रॉनचा, त्यामुळे झीज करतात ते हेच बारीक कण. बायपास फिल्टर एका वेळी थोडंच ऑइल घेतो, सावकाश गाळतो आणि इंजिनखालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये परत सोडतो.

रिपोर्टमध्ये फरक दिसला. इंजिन झिजून ऑइलमध्ये येणाऱ्या लोखंडाचा आकडा पूर्वीपेक्षा कमी आणि काजळीही कमी. पूर्वी मी २०,००० ला ऑइल बदलायचो, आता ३०,००० ला बदलतो. पण एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत. बायपासचं एलिमेंट बदललं की दोनेक लिटर नवं ऑइल घालावंच लागतं. रिपोर्ट सुधारतो त्यात त्या ताज्या ऑइलचाही वाटा आहे. ऑइलमधली आम्ल मारणारी रसायनं संपली की ती कुठलाच फिल्टर परत आणत नाही. आणि ऑइल काळं दिसतं ते दिसतंच. ड्रायव्हर गेज पुसून दाखवायचा, "अण्णा, काळं झालंय, बदलूया." डिझेलचं ऑइल काही दिवसांतच काळं होतं, रंगावरून काही ठरत नाही.

सिंथेटिकचं मात्र मला पटलं नाही. थंडीत इंजिन लवकर वंगण घेतं हा त्याचा मोठा गुण, पण १५डब्ल्यू ऑइलची थंडीतली चाचणीच उणे २० अंशांना होते. आपल्याकडे पहाटे दहा-बारा अंश म्हणजे कडाक्याची थंडी. टर्बोच्या उष्णतेत ते जास्त टिकतं, हे खरं. तरी ३०,००० ला साध्या ऑइलचाही रिपोर्ट चालण्याजोगाच आला आणि सिंथेटिकला मी दुपटीहून जास्त पैसे मोजले होते. डिझेलची बचत माझ्या वहीत दोन्हींपैकी कशानेच दिसली नाही. ज्यांची गाडी बीएस-६ आहे त्यांनी पुस्तकातला ग्रेड सोडू नये. डीपीएफला (धुरातली काजळी अडवणारा सायलेन्सरकडचा फिल्टर) कमी राखेचंच ऑइल लागतं.

आता त्रासाचं. बसवणाऱ्याने बायपास फिल्टरला ऑइल नेणारी प्रेशरची नळी चेसिसच्या कडेला टेकवून नेली होती, क्लिप नाही की रबर नाही. पाचव्या महिन्यात निपाणीजवळ चहाला थांबलो, तर गाडीखाली रुपयाएवढा ताजा डाग. नळीवर हात फिरवला तर वरचं रबर घासून आतली तारेची जाळी बोटाला टोचली. तशीच कागलपर्यंत गेली असती तर नळी फुटून चेंबर रिकामं झालं असतं आणि इंजिन गेलं असतं. नळी बदलून घेतली. बसवणाऱ्याने दुरुस्तीचे पैसे माझ्याकडूनच घेतले, याचा राग अजून आहे.

या सगळ्यात खरा उपयोग झाला तो रिपोर्टचा. सातव्या रिपोर्टात सिलिकॉन एकदम वर गेलं. म्हणजे धूळ. आमच्या मिस्त्रींनी एअर क्लीनर आणि टर्बोच्या मधला रबरी पाइप अंगठ्याने वाकवला आणि म्हणाले, "नोड्री अण्णा," म्हणजे बघा. पाइपच्या पोटाला नखाएवढी चीर होती, सरळ असताना दिसतच नव्हती. ही धूळ आधी सिलिंडरचा लायनर आणि पिस्टनच्या रिंग खाते, ऑइलमध्ये नंतर येते. तिथे बायपास फिल्टर काय करणार?

फिल्टर मी काढणार नाही, ऑइल साधंच टाकणार. दुसरी गाडी हंगामात अथणीकडे ऊस ओढते आणि कारखान्याच्या रांगेत तासन्‌तास इंजिन चालू ठेवून पुढे सरकत असते. तिला अजून फिल्टर घेतलेला नाही. आधी तिचे दोन नमुने लॅबला पाठवतोय.