व्हीओएसव्ह्यूअर: सहलेखनाचे जाळे काढणारे सॉफ्टवेअर

नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठात तयार झालेले व्हीओएसव्ह्यूअर हे मोफत सॉफ्टवेअर संशोधकांच्या सहलेखनाचे, म्हणजे कोणी कोणासोबत शोधनिबंध लिहिले याचे, जाळे पाहू इच्छिणाऱ्या प्रत्येक ग्रंथपालाला मी मनापासून सुचवेन. स्कोपस, वेब ऑफ सायन्स किंवा पबमेड या शोधनिबंधांच्या नोंदी ठेवणाऱ्या डेटाबेसमधून उतरवून घेतलेली फाइल दिली की, प्रोग्रॅमिंग येत नसतानाही, प्रत्येक संशोधकाच्या नावाचे एक वर्तुळ, सहलेखकांना जोडणाऱ्या रेषा आणि रंगांनी वेगळे दाखवलेले गट पडद्यावर उमटतात.

मात्र या नकाशावरून ‘सहकार्य अधिक, तर उत्पादकता अधिक’ असे अनुमान काढण्याची घाई करू नये. ली आणि बोझमन यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या, अमेरिकेतील 443 शास्त्रज्ञांच्या अभ्यासात सहकाऱ्यांची संख्या आणि शोधनिबंधांची संख्या यांचा घट्ट संबंध आढळला. पण प्रत्येक निबंधाचे श्रेय त्याच्या लेखकांत वाटून मोजल्यावर तो संबंध टिकला नाही. हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावरील 2015 च्या निबंधाला तर पाच हजारांहून अधिक लेखक होते. असे निबंध जाळे विनाकारण फुगवतात, म्हणून फार मोठ्या लेखकसंख्येचे निबंध वगळण्याची येथील सोय अवश्य वापरावी. आंशिक गणनेचा पर्याय निवडल्यास लेखकसंख्येच्या प्रमाणात दुव्यांचे वजन घटते, तेही इष्टच. श्रेयाच्या वाटणीचा हिशेब मात्र आपण स्वतंत्रपणे करावा.

मला सर्वांत गंभीर वाटते ती गोष्ट अगदी शेवटच्या पायरीवर येते. जाळ्यातील काही नावे एकमेकांशी जोडलेली नसतील, तर केवळ सर्वांत मोठा जोडलेला गट दाखवायचा का, असे सॉफ्टवेअर विचारते, आणि चित्र सुबक दिसावे म्हणून बहुतेकांना ‘होय’ म्हणण्याचा मोह होतो. त्या एका होकारासरशी एकट्याने किंवा लहान गटात काम करणारे संशोधक नकाशातून नाहीसे होतात. मग त्याच नकाशाच्या आधारे सहकार्याचा लाभ सिद्ध करणे म्हणजे तुलनेची दुसरी बाजू पुसून टाकणे होय. विभागाच्या मूल्यमापनासाठी असा नकाशा जोडताना हे स्पष्ट नोंदवले गेलेच पाहिजे.

नावांचा गोंधळही मोठा आहे. ‘जोशी ए.’ किंवा ‘पाटील एस.’ या एका वर्तुळात अनेक व्यक्ती मिसळू शकतात आणि विवाहानंतर आडनाव बदललेली संशोधिका दोन वर्तुळांत विभागली जाते. एकाच व्यक्तीची वेगवेगळी नावे थिसॉरस फाइलने, म्हणजे कोणते नाव कोणत्या नावाऐवजी धरायचे याच्या यादीने, जोडता येतात. एका नावाखाली मिसळलेल्या व्यक्ती वेगळ्या करण्यासाठी मात्र मूळ नोंदीच हाताने दुरुस्त कराव्या लागतात.